दुसऱ्यांदा पाडावी लागू नये म्हणून

नमस्कार श्रोतेहो.

नवी मुंबईतल्या वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मध्ये जेएन-१, जेएन-२ ही नावं लहान मुलांनाही पाठ असतात. सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, बांधलेल्या इमारतींचे हे प्रकार. छताचे पोपडे, टेकू, धोकादायक म्हणून आलेली नोटीस, हे सगळं तिथल्या रहिवाशांनी पाहिलंय. २०१५ मध्ये अशा मोडकळीला आलेल्या इमारतींना अडीच एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम, मंजूर झाला आणि पाडून बांधायची वाट मोकळी झाली. आता बहुतेक सोसायट्यांत चर्चा एकच, कार्पेट किती वाढवून मिळणार. पहिली इमारत का गेली, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

ती गेली पाण्यानं आणि सळईवरच्या कमी कव्हरनं, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या पातळ थरानं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, खाडीचे क्षार येतात, त्यात ओल मिळाली की गंज सुरू. गंजलेल्या लोखंडाला मूळच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. अशा जागी नुसता गिलावा थापून रंग मारला की गंज झाकला जातो, थांबत नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे संडास-बाथरूमचा संक, म्हणजे तिथला खोलगट ठेवलेला स्लॅब. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा सुटतो, पाणी विटांच्या भरावात साठतं, आणि खालच्या घरात डाग उमटेपर्यंत सळईचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. अहवालाचं शेवटचं पान वाचून थांबू नका. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. हा शेरा कशावरून दिला ते बघा. फक्त हॅमर टेस्ट, म्हणजे पृष्ठभागावर ठोकून कडकपणा मोजणं, असेल तर ती पुरेशी नाही, कारण कार्बोनेशन झालेला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मुरलेला, पृष्ठभाग उलट कडक होतो आणि आकडा चांगला दाखवतो. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली असेल तर काँक्रीट शंकास्पद. फेनॉल्फथेलिन हे रसायन फवारल्यावर काँक्रीट गुलाबी झालं तर ठीक. सळईपर्यंत रंगच आला नाही तर तिचं संरक्षण संपलेलं.

नोंदणीकृत सहकारी सोसायटीनं सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचा पुनर्विकासाचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय मुळातून वाचावा. सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी. ही हमी सोडून मोठा कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, घेण्याचा मोह होतो. तो टाळा. अर्ध्यावर काम थांबलं तर बिल्डरकडून मिळणारं भाडंही थांबतं आणि हातात उरते ती हमीच. सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे सिडकोची ना-हरकतही सुरुवातीलाच धरा.

आता बांधकाम. खाडीकाठी आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे 'सिव्हिअर', म्हणजे तीव्र, परिस्थिती धरली तर किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि ४५ मिलिमीटर कव्हर. ही ओळ करारात हवी. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या इंजिनिअरनं सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक बघावेत. सळईखाली खडीचे तुकडे सरकवलेले दिसले तर काम थांबवा. पाय पडला की खडी निसटते आणि सळई शटरिंगला टेकते. ट्रान्झिट मिक्सर आल्यावर 'माल घट्ट आहे' म्हणून पाइपनं पाणी मारणं हा दुसरा घात. टँकरच्या पाण्यावर काम असेल तर क्लोराइड तपासून घ्या. आरसीसीसाठी मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम. साधं सिमेंट असेल तर निदान ७ दिवस आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) सिमेंट असेल तर १० दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. हल्ली मिश्रच जास्त येतं, आणि क्युरिंग मात्र तीन दिवसांत आटोपतं.

ताबा घेण्याआधी प्रत्येक संकमध्ये ४८ तास पाणी भरून खालच्या घराचं छत बघा. हे टाइल्स बसण्यापूर्वीच करायचं.

नव्या इमारतीत लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, यांत्रिक पार्किंग येतं, आणि देखभालीचा आकडा पाहून जुन्या सभासदाला घाम फुटतो. मग सभेत कात्री लागते ती निधीलाच. आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठीची शिल्लक, आहे. घराचा बांधकाम खर्च १५ लाख धरला तर दोन्ही मिळून महिन्याला १,२५० रुपये. कॉर्पस सगळा वाटून टाकण्याऐवजी त्यातला काही भाग मुदत ठेवीत अडकवला, तर या रकमेचा भार व्याजातून हलका होतो.

आणि बिल्डरकडून पाइपांचे प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणेचे नकाशे, क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या मजबुतीचे, अहवाल घेऊन सोसायटीच्या कपाटात ठेवा. नाहीतर दहाव्या वर्षी एक गळती शोधायला तीन घरांच्या टाइल्स फुटतात, आणि त्या वादात गळती तशीच राहते.