ओल्यावर चिकटायचं कसं?

बर्डीवरून येताना मी लिंबू-सब्जा घेऊन आलो. मे महिन्यात नागपुरात व्याख्यानाला यायचं तर दुसरं करणार काय! त्या ग्लासच्या तळाचं एक बी बोटावर घेऊन पाहा. मधे काळा ठिपका आणि भोवती काचेसारखा गोळा. गोळा जवळजवळ सगळा पाण्याचाच, तरी ओघळत नाही. साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या पाणी पिऊन फुगतात, पण बियाला धरून एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे सुटून जात नाहीत. हायड्रोजेल म्हणजे हेच. आम्ही प्रयोगशाळेत त्या साखळ्यांना मधेमधे रासायनिक टाके घालतो, एवढाच फरक. टाके दाट घातले तर जेल ताठ होतं, विरळ घातले तर लिबलिबीत.

शरीराला असा पदार्थ मानवतो, कारण आपलं मांसही बरंचसं ओलंच आहे. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी 1961 च्या नाताळात घरी बसून, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जोडलं आणि त्यावर अशाच जेलच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. पण लेन्स डोळ्यावर नुसती बसते. ती चिकटवायची नसते. माझं काम असं जेल ओल्या जखमेवर चिकटवण्याचं आहे आणि सगळी गोची तिथेच आहे.

संक्रांतीला फाटलेला पतंग तुम्ही भाताच्या शिताने जोडला असेल. शीत ओलं, कागद कोरडा. कागद शितातलं पाणी पितो, शीत आवळतं आणि जोड बसतो. जखमेचं उलट आहे. ती पाणी पीत नाही, सोडते. रक्त, लस, लाळ, काही ना काही पाझरतच असतं. गोंद कितीही जबरदस्त असो, त्याच्या आणि मांसाच्या मधे पाण्याचा पापुद्रा राहिला तर गोंद पाण्याला चिकटतो आणि पाणी निसटून जातं.

घरातलं फेविक्विक का नाही, हे मला दर वेळी कोणीतरी विचारतं. तो सायनोअॅक्रिलेट. 1942 मध्ये कोडॅक या फिल्मच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा तो त्यांच्या हाती लागला. गंमत म्हणजे त्याला पाणी चालतं, दमटपणाच्या स्पर्शानेच तो घट्ट होतो. पण होतो काचेसारखा कडक आणि होताना तापतो. घरगुती जातीच्या रेणूची शेपटी आखूड असल्यामुळे ती लवकर तुटून फॉर्मल्डिहाइड सुटतं. शस्त्रक्रियेत लांब शेपटीची जात वापरतात, तीही मुख्यतः वरच्या कातडीवर. धडधडणाऱ्या हृदयावर कडक खपली काय कामाची?

मग पाणी हटवायचं कोणी? समुद्रातल्या शिंपल्याने. कोकणात त्याला शिनाणे म्हणतात. लाटा आदळत असतात आणि हा खडकाला धागे टाकून बसलेला. त्याच्या चिकट प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्या एका टोकाला शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन. ते खडकावरच्या पाण्याला ढकलून स्वतः जागा धरतात. आम्ही हीच जोडी पॉलिमरच्या, म्हणजे जेलच्या त्या लांब रेणूच्या, साखळीला लावतो. मी पहिल्यांदा लावली तेव्हा शनिवारी पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं द्रावण सोमवारी चहासारखं झालं होतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तीच क्रिया. हवेतला ऑक्सिजन लागला की ती जोडी बदलते आणि खडकाला धरणं सोडते. वांग्याच्या फोडी आपण पाण्यात टाकतो. शिंपला आपल्या चिकाला आम्लात सांभाळतो. मी सोमवारनंतर बाटलीत नायट्रोजन भरायला शिकलो. मात्र बदललेली ती जोडी अगदीच वाया जात नाही. मांसातल्या प्रथिनांवर अमाइन नावाचे नायट्रोजनचे गट असतात, त्यांच्याशी ती पक्का बंध करते. म्हणून किती बदलू द्यायची आणि कधी, हा सगळा हातखंड्याचा भाग.

दुसरी वाट अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या शुआनहे झाओ यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवली. त्यांनी कोरडी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप केली. लहान मुलांच्या डायपरमध्ये असतो त्या घराण्याचा पॉलिमर. तो काही सेकंदांत मांसावरचं पाणी पिऊन टाकतो आणि मग बंध करतो. म्हणजे पतंगाच्या कागदाचं काम इथे गोंदच करतो. पण पाणी प्यायलेला जेल फुगतो, आणि मणक्यापाशी फुगला तर मज्जारज्जू दाबेल. सब्जा ग्लासात फुगलेलाच बरा.

जोड टिकायचा तर जेलही चिवट हवं, नाहीतर पृष्ठभाग धरून राहतो आणि मधेच फाटतं. इथे समुद्री शेवाळातलं अल्जिनेट कामाला येतं. त्यातले कॅल्शियमचे टाके ताण आला की आधी उसवतात आणि ताण गिळतात. लांब साखळ्या शाबूत राहतात. 2012 मध्ये हार्वर्डमध्ये केलेलं असं जेल 90 टक्के पाणी असूनही वीसपट ताणलं गेलं. पुढे 2017 मध्ये शंख नसलेल्या एका गोगलगायीच्या चिकावरून तिथेच त्याची पट्टी झाली, आणि ती रक्ताने माखलेल्या मांसालाही धरून राहिली.

एवढं सगळं शिकून मी खूश होतो. मग आजी दवाखान्यात होती. सलाइनची सुई काढायला सिस्टरने हातावरची चिकटपट्टी ओढली. ऐंशीच्या वरचं वय, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आजी म्हणाली, "अव बाई, पट्टी नाही, माही चामडी निघून राहिली." खरंच निघाली होती, रुपयाएवढी. त्या पट्टीला आमच्या कसोटीत चांगले गुण मिळाले असते.

झाओ यांच्याच गटाने 2020 मध्ये टेपला असे दुवे दिले, की खायचा सोडा आणि ग्लुटाथायोन (आपल्या शरीरातही असणारं एक रसायन) यांचं द्रावण सोडलं की ती पाच मिनिटांत सुटते. आमच्याकडे एवढी प्रगती नाही. पण वहीत आता दोन रकाने असतात. धरायला किती जोर, आणि सोडवायला किती. आजीच्या आधी दुसरा रकाना नव्हता.