घोडा, तळघर आणि पीट बेस्ट

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्याच्याबद्दल बोलायचं ठरवलंय, त्याचं आडनाव बेस्ट. मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे लगेच लाल बस आली असेल. ती जाऊ द्या, पुढची पकडू. हा बेस्ट ड्रम वाजवणारा, पीट बेस्ट. इंग्लंडच्या बीटल्स या चौकडीत रिंगो स्टारच्या आधी दोन वर्षं ड्रमवर हाच बसायचा. नशीब उघडायची वेळ आली आणि याला काढून टाकलं, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. ‘बिचारा’ म्हणायचं आणि पुढे जायचं, असाच रिवाज पडलाय. मला मात्र ही गोष्ट सांगायची तर त्याच्या आईपासून सांगावी लागते. आईचं नाव मोना.

मोना जन्मली दिल्लीत. तिचे वडील ब्रिटिश सैन्यात मेजर. पीटचा जन्म मद्रासचा, २४ नोव्हेंबर १९४१ चा. त्याचे वडील जहाजावरचे इंजिनियर होते, ते महायुद्धात गेले. मग मोनाने जॉनी बेस्ट या लष्करातल्या मुष्टियोद्ध्याशी लग्न केलं. कुठे? आपल्या मुंबईत. मार्च १९४४, फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल. ज्या चर्चच्या वेशीवरून चर्चगेट हे नाव पडलं, तेच हे. आपण रोज चर्चगेटची लोकल पकडतो, पण त्यातलं चर्च कुठलं असं विचारलं की बहुतेक जण गप्प. आपल्या गावांच्या नावांकडे आपण बघतच नाही, हे माझं जुनं रडगाणं आहे, ते आज आवरतो.

तर १९४५ च्या अखेरीला हे कुटुंब जॉर्जिक नावाच्या सैनिकी जहाजाने विलायतेला निघालं आणि ऐन नाताळच्या दिवशी लिव्हरपूलच्या धक्क्याला लागलं.

आता नीट ऐका, कारण खरी गंमत इथून आहे.

साल १९५४. घर लहान, मुलं वाढती. मोनाला मोठं घर हवं होतं. पैसे नव्हते, दागिने होते. आपल्याकडे दागिने कशासाठी गहाण पडतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. बी-बियाणं, आजारपण, कॉलेजची फी. पाटल्या कापडात बांधायच्या, मागच्या दाराने सराफाकडे जायचं आणि महिनाभर पदर ओढून मनगटं झाकत फिरायचं. मोनाने दागिने गहाण टाकले आणि सगळे पैसे एका घोड्यावर लावले. हो, घोड्यावर! एप्समची डर्बी, जून महिना. घोड्याचं नाव होतं ‘नेव्हर से डाय’. म्हणजे धीर सोडू नकोस, हाय खाऊ नकोस. घोड्यावर बसणार होता लेस्टर पिगॉट नावाचा पोरगा, वय वर्षं अठरा. पुढे तो डर्बी नऊ वेळा जिंकला. पण त्या दिवशी कुणाला माहीत? भाव होता एकाला ३३. महालक्ष्मीला ज्यांनी कधी चक्कर टाकलीय, त्यांना ३३ चा भाव म्हणजे काय ते समजलं असेल. शहाण्या माणसांनी ज्या घोड्यावरून हात धुतलेत, असा घोडा.

डोळ्यांपुढे आणा. अडीच मिनिटांची ती शर्यत. तेवढ्यात आपला चहासुद्धा उकळत नाही. त्या अडीच मिनिटांवर बाईच्या सगळ्या बांगड्या टांगलेल्या. आणि घोडा आला. पहिला आला! दोन घोड्यांच्या लांबीने आला!

माझी आजी हे ऐकती तर म्हणाली असती, मेली जुगारीण. आणि घोडा आल्याचं कळल्यावर तीच विचारती, मग दागिने सोडवले का आधी? मी जुगाराची शिफारस करत नाही, हे कृपया नोंदवून घ्या. २०२५ च्या बंदीआधी मोबाइलवर क्रिकेटची टीम लावून पैसे उडवायचं जे खूळ शिरलं होतं, त्याच्यापुढे मोनाबाई फार सभ्य. तिने आयुष्यात एकदा दागिने लावले आणि त्यातून घर घेतलं.

ते घर म्हणजे ८, हेमन्स ग्रीन. लिव्हरपूलचा वेस्ट डर्बी भाग. योगायोग बघा, भागाच्या नावातही डर्बी! जुनं व्हिक्टोरियन घर, १५ खोल्या आणि खाली भलंमोठं तळघर. या तळघराकडे लक्ष ठेवा. एकदा मोनाने टीव्हीवर लंडनच्या सोहोतल्या एका कॉफी बारचा कार्यक्रम पाहिला. पोरं जमतायत, गाणी वाजतायत. तिने ठरवलं, आपणही तळघरात असंच काही काढू. नाव ठेवलं कॅस्बा. दारू नाही. कॉफी आणि कोकाकोला.

रंगकामाला गडी कुठले आणणार? जी पोरं वाजवणार होती, तीच ब्रश घेऊन उभी राहिली. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन. छतावर चांदण्या, कोळी, इंद्रधनुष्य. लेननची नजर अधू, आणि चष्मा लावायची लाज. असं सांगतात, की पठ्ठ्याने डिस्टेंपर समजून भिंतीला ऑइलपेंट फासला. आता ऑइलपेंट दमट तळघरात वाळायला किती वेळ घेतो, ते ज्यांनी दिवाळीच्या तोंडावर घर रंगवलंय त्यांना विचारा. उद्घाटन येऊन ठेपलं, आणि भिंती चिकट!

२९ ऑगस्ट १९५९ ला क्लब उघडला. त्या पोरांच्या बँडचं नाव तेव्हा क्वॉरीमेन, पुढे तेच बीटल्स. ड्रम वाजवणारा कुणीच नाही, नुसत्या गिटारी. चौघांना मिळून तीन पौंड, म्हणजे माणशी १५ शिलिंग. एका शनिवारी त्यांच्यातला केन ब्राउन आजारी पडला, वाजवू शकला नाही. मोनाने त्याचेही १५ शिलिंग त्याला दिले. बाकीचे तिघे चिडले, तो वाजवला नाही तर पैसे कसले? आणि सरळ निघून गेले. मला यात मोनाचंच बरोबर वाटतं. आजारी वादकाचं पाकीट कापणारे ऑर्केस्ट्रावाले मी पुष्कळ पाहिलेत.

मग आईने पीटला ड्रमचा सेट घेऊन दिला. लाजाळू, देखणा, कमी बोलणारा मुलगा. पुढच्या वर्षी त्या तिघांना जर्मनीत, हॅम्बुर्गला काम मिळालं आणि ड्रमरची गरज पडली. पॉलने पीटला विचारलं. १६ ऑगस्ट १९६० ला पीट त्यांच्याबरोबर निघाला. तारीख लक्षात ठेवा श्रोतेहो, १६ ऑगस्ट.

दोन वर्षं. हॅम्बुर्गच्या रात्री, लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमधल्या दुपारी. जून १९६२ मध्ये लंडनच्या स्टुडिओत चाचणी झाली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पीटचा ठेका रेकॉर्डसाठी पसंत पडला नाही. आणि मग व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइनने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं, तू नकोस, रिंगो येतोय. ज्यांच्याबरोबर वाजवलं, ते तिघे समोर आलेच नाहीत. तो दिवस कोणता? १६ ऑगस्ट १९६२. बरोबर दोन वर्षं.

लिव्हरपूलची पोरं खवळली. झटापटीत जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला. आणि गंमत अशी, की सप्टेंबरात पहिल्या रेकॉर्डसाठी मार्टिननी रिंगोच्या जागीही भाड्याचा ड्रमर बसवून बघितला. म्हणजे खोट नक्की कुणाच्या हातात होती, हे देव जाणे. ठेका धरणाऱ्याचं असंच असतं. आकाशवाणीवर तबल्याच्या साथीला कोण होतं ते आवर्जून सांगतात, मला ती सवय फार आवडते. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीवाल्याचं नाव घेतलेलं ऐकलंय कधी?

वेळ संपत आली, पुढचं भरभर सांगतो. पीटने स्वतःचा बँड काढला. १९६५ मध्ये रेकॉर्ड काढली, नाव ‘बेस्ट ऑफ द बीटल्स’. आडनाव असं वापरलं, की बीटल्सची गाणी आहेत असं समजून विकत घेणारे फसले. १९६८ मध्ये संगीत सोडलं. बेकरीत पाव गाडीत चढवले, मग सरकारी रोजगार कार्यालयात चिकटला. नोकरी गेलेल्या माणसांना नोकरी मिळवून देणं, हे त्याचं काम. सुमारे २० वर्षं. १९८८ मध्ये पुन्हा ड्रमवर बसला. त्याच वर्षी मोना गेली. धाकटा भाऊ रोग बेस्ट याला बरोबर घेऊन त्याने जगभर कार्यक्रम केले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, काठ्या खाली ठेवल्या.

एक राहिलंच. १९९५ मध्ये बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा ‘अँथॉलॉजी’ संग्रह आला. पहिल्या भागात दहा गाण्यांत ड्रम पीटचा, त्याचे पैसेही त्याला मिळाले, चांगले मिळाले. पण मुखपृष्ठावर जुना फोटो होता, त्यातून पीटचं डोकं फाडलेलं आणि तिथे रिंगोचा चेहरा लावलेला. १३ वर्षांनी पीटने आपला अल्बम काढला. मुखपृष्ठावर काय? तोच फाटलेला तुकडा, त्याच्या चेहऱ्याचा. आणि अल्बमचं नाव ‘हेमन्स ग्रीन’. आईच्या घराचा पत्ता.

नमस्कार.