अमुक, देणगीदार आणि सन्स

नमस्कार, श्रोतेहो. शाळेत बाई शुद्धलेखन घालायच्या, आठवतं? बाई ‘स्वल्पविराम’ म्हणाल्या की आपण खूण काढायची, शब्द लिहायचा नाही. तरी वर्गातलं एखादं पोर ‘स्वल्पविराम’ अशी पाच अक्षरं लिहायचंच. संगणकाची खोड याच्या उलटी. आपल्याला नुसतं अक्षर हवं असतं आणि तो ते हुकूम समजून बसतो.

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पावत्या एका वर्षी मी संगणकावर काढून द्यायच्या ठरवल्या. शहाणपणा, दुसरं काय! नमुना केला: ‘श्री. देणगीदार यांजकडून साभार पोच’. ‘देणगीदार’ हा शब्द शोधायचा आणि तिथे यादीतलं एकेक नाव घालायचं. हत्यार होतं सेड, म्हणजे मजकुरातला शब्द शोधून त्या जागी दुसरा भरणारा एक छोटा प्रोग्रॅम. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतल्या ली मॅकमहॉन यांनी 1973-74 च्या सुमारास लिहिलेलं, अजून ठणठणीत. अडीचशे पावत्या चुटकीसरशी निघाल्या. मी न वाचताच वाटायला दिल्या.

संध्याकाळी भांड्यांच्या दुकानाचे मालक मांडवात हजर. दुकानाचं नाव सांगत नाही, ‘अमुक अँड सन्स’ समजा. यादीत मधलं ‘अँड’ इंग्रजी खुणेनं लिहिलेलं, आठाच्या आकड्यासारखी असते ती, ॲम्परसँड. पावतीवर छापलं होतं: ‘अमुक देणगीदार सन्स’. मालक म्हणाले, “अहो, हा मधला देणगीदार कोण? आमच्या धंद्यात तिसरा भागीदार घुसवलात की काय!” मांडव हसला, ढोलवाले हसले, मी घरी पळालो.

(जाता जाता: मराठीत ‘आणि’ असताना पाटीवर ती खूण कशाला? आणि नेहमी ‘सन्स’च का? गल्ल्यावर बसलेली मुलगी पाटीवर का दिसत नाही? असो.)

झालं होतं असं. सेडमध्ये भरायच्या मजकुरात ॲम्परसँड आला की अर्थ होतो ‘जे सापडलं तेच इथे पुन्हा घाल’. सापडला होता ‘देणगीदार’, त्यानं तोच घातला. उपाय एवढाच, की खुणेच्या आधी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, द्यायची. मग ती नुसती खूण उरते. पुन्हा सांगतो: खुणेच्या आधी उलटी रेघ.

गंमत बघा. ही उलटी रेघ संगणकाच्या अक्षरसंचात आणली बॉब बेमर या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं, 1961 च्या सुमारास. कशासाठी? सरळ आणि उलटी रेघ जोडून अल्गॉल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ‘आणि’, ‘किंवा’ ही चिन्हं काढता यावीत म्हणून!

पत्त्यात ‘घर नंबर 12/3’ आला तेव्हा सेड अडूनच बसला, कारण तिरकी रेघ ही त्याची शोधणं-भरणं वेगळं करणारी भिंत. तिथेही बॅकस्लॅश, नाहीतर भिंतच बदला, उभी रेघ वापरा. आणि यादीतल्या खुणांना आधीच बॅकस्लॅश लावून ठेवायचे असतील तर पहिल्यांदा यादीतल्या प्रत्येक बॅकस्लॅशचे दोन करा, बाकीच्या खुणा नंतर. बॅकस्लॅश आधी, बाकीचे नंतर. उलटं केलंत तर नुकतेच घातलेले बॅकस्लॅशही दुप्पट होतात.

पुढच्या वर्षी मी स्वतःच वर्गणीला गेलो. मालकांनी पावती मागून घेतली, चष्मा लावला, नाव दोनदा वाचलं आणि मग गल्ला उघडला.