मास्कच्या आतला आवाज

मंडळी, हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तेलाच्या विहिरीवर किंवा रिफायनरीत काम करणारा माणूस त्या वासाने सावध होतो. पण हवेतलं प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) घरात गेलं की थोड्याच वेळात नाक बधिर होतं. वास गेला, म्हणजे गॅस गेला, असं वाटतं आणि माणूस तिथेच थांबतो. म्हणून नाकाचं काम आपण छातीवर, कॉलरजवळ अडकवलेल्या, गॅस ओळखणाऱ्या छोट्या डिटेक्टरवर सोपवलं.

आता बघा. कंप्रेसर धडधडतोय, कानांवर आवाज अडवणारे इअरमफ आहेत. डिटेक्टर ओरडला तरी ऐकणार कोण? त्यासाठी तो थरथरतो, दिवाही लावतो. ठीक. पण ज्याने तो लावलाय तो खाली पडला असेल, तर ते यंत्र त्याच्या शेजारी नुसतंच वाजत राहतं. मग जोडीदार बघतो आणि तसाच धावत आत शिरतो. वाचवायला गेलेला माणूसही त्याच गॅसमध्ये कोसळतो. असे मृत्यू या धंद्यात पुन्हा पुन्हा झाले आहेत, आणि मला सगळ्यात जास्त तेच छळतात.

आपण माणसाला जपायला नाक झाकतो, कान झाकतो, तोंडावर मास्क चढवतो. आणि त्याच झटक्यात त्याला एकटं पाडतो. म्हणून मास्क, हेल्मेट, डिटेक्टर आणि रेडिओ एकमेकांशी जोडलेले हवेत, असं माझं ठाम मत आहे. मास्कमध्येच माइक, इअरमफमध्येच स्पीकर. माणूस ठरावीक वेळ हललाच नाही, तर कंट्रोल रूममध्ये आपोआप इशारा. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती उरली, तो आकडा बाहेर उभ्या असलेल्यालाही दिसला पाहिजे.

यात साधा मोबाइल चालत नाही, कारण एका ठिणगीनेही गॅस पेटू शकतो. १९१३ मध्ये वेल्समधल्या सेंगेनिदच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, ४३९ खाणकामगार गेले. विजेच्या सिग्नल घंटीची ठिणगी हे एक संभाव्य कारण मानलं गेलं. त्या काळच्या संशोधनातूनच पुढे नियम आला, की ज्वालाग्राही वायूच्या जागी नेलेल्या उपकरणातली ऊर्जा इतकी कमी हवी, की ते बिघडलं तरी त्याच्या ठिणगीने गॅस पेटू नये.

आणि सगळा संपर्क एकाच खोलीवर टांगून ठेवू नका. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर पहिल्याच स्फोटात कंट्रोल रूम निकामी झाली. बाहेर पडा, अशी घोषणा झालीच नाही. कितीतरी माणसं राहण्याच्या खोल्यांच्या भागात सूचनेची वाट बघत थांबली, आणि धुराने गुदमरली. एकूण १६७ जण गेले.

तेव्हा उपकरणं विकत घेताना ती एसी खोलीतल्या टेबलावर बघू नका. दोघांना मास्क लावा, इअरमफ चढवा, चालू कंप्रेसरच्या दोन बाजूंना उभं करा. एकाला म्हणावं, ‘व्हॉल्व्ह बंद कर’ एवढंच बोल. दुसऱ्याने काय ऐकलं, ते त्याच्याकडून लिहून घ्या.