खुंटाशिवायची वेल

जुलै महिना. दक्षिण ऑस्ट्रेलियात हे थंडीचे दिवस. ॲडलेडहून ईशान्येला तासाभराच्या अंतरावर बरोसा खोरं लागतं. खोऱ्यातल्या तानुंडा गावालगतची ही बाग. पानं गळालीत, छाटणी उरकली आहे. जरा खोडाजवळ जाऊ. पिळवटलेलं, मधूनच पोकळ, साल सुंभासारखी सुटलेली. द्राक्षाचं खोड आहे हे सांगावं लागतं. ही लागवड १८४३ ची मानतात.

नाशिकचा बागायतदार इथे आला तर पहिला प्रश्न विचारेल, खुंट कुठला? खुंट म्हणजे कलमाखालची, मुळं पुरवणारी दुसरी वेल. आपल्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करायचं आणि पंधरा-वीस वर्षांनी बाग मोडायची. इथे खुंटच नाही. वेल स्वतःच्या मुळांवर उभी आहे.

फिलॉक्सेरा नावाच्या, मुळांतला रस शोषणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा उजाड केल्या. १८७७ मध्ये ती शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातही सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र बाहेरची काडी, बाहेरची माती अडवली. कीड आजवर या राज्यात शिरलेली नाही, म्हणून कीड सोसणाऱ्या खुंटाची गरजही पडली नाही. ती बाहेरच राहावी म्हणून आजही रस्त्याने जाताना आवडलं म्हणून कुणाच्याही बागेत घुसता येत नाही, बुटाला चिकटलेल्या मातीचीसुद्धा धास्ती असते.

वाणाचं नाव शिराझ. इराणच्या शहराचं नाव असल्यामुळे हा वाण तिकडून आला अशी एक दंतकथा आहे. छान आहे, पण खोटी. डीएनए तपासणीत त्याचे आई-बाप दोन्ही फ्रान्सचे निघाले. फ्रान्समध्ये त्याला सिरा म्हणतात. जेम्स बझ्बी या गृहस्थाने १८३२ मध्ये युरोपातून शेकडो काड्या ऑस्ट्रेलियात आणल्या, त्यांत हाही होता. बरोसात तो रुजवला तो प्रामुख्याने प्रशिया राज्यातल्या सायलेशिया प्रांतातून आलेल्या जर्मन ल्यूथरन (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) कुटुंबांनी. प्रशियाच्या राजाने लादलेली उपासनापद्धत नको म्हणून ही मंडळी देश सोडून १८४२ मध्ये इथे वसली.

किडीपासून वाचलेल्या अशा जुन्या खोडांवर नंतर एका सरकारी योजनेत उपटलं जायची वेळ आली. १९८० च्या दशकात द्राक्षं उदंड झाली, भाव पडले, आणि सरकारने वेली उपटायला पैसे दिले. शंभरी गाठलेल्या कितीतरी बागा तेव्हा ट्रॅक्टरला बांधून उपटल्या गेल्या. पीटर लेहमनसारख्या वाईनवाल्यांनी शेतकऱ्यांची द्राक्षं घेणं थांबवलं नाही, म्हणून काही तगल्या. २००९ मध्ये इथल्या लोकांनी वेलींना वयानुसार दर्जे दिले. सव्वाशे वर्षं ओलांडली की ती 'पूर्वज'.

आता ग्लासातली शिराझची वाईन. रंग जवळजवळ शाईचा. नाकाला आधी पिकलेलं काळं प्लम, मग ओकच्या पिंपाचा व्हॅनिला, आणि मागून काळी मिरी. ही मिरी म्हणजे वर्णन करणाऱ्याची कल्पना नव्हे. मिरीला तिचा वास देणारा रोटंडोन हाच पदार्थ शिराझच्या द्राक्षात असल्याचं ॲडलेडच्या वाईन संशोधन संस्थेने २००८ मध्ये दाखवून दिलं. अल्कोहोल बहुधा चौदा-साडेचौदा टक्के. घोट घेतल्यावर जीभ कोरडी पडते, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर पडते तशी. ते टॅनिन, तुरटपणा देणारं द्रव्य. लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं.

त्याला मांसाची प्रथिनं आणि चरबी दिली की जीभ सुटते. म्हणून सोबत मुरलेलं चेडर चीज, नाहीतर बरोसाच्या खाटकांकडे मिळणारं धुरी दिलेलं मेटवुर्स्ट सॉसेज. कांगारूचं मांसही चालतं, पण त्यात चरबी नावालाच. जास्त शिजवलं की वातड होतं. मासळी नको, तोंडात लोखंडाची चव येते.

आणि तांबडा रस्सा? माझं ऐकाल तर नकोच. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, मग ना रश्श्याची चव कळते ना वाईनची. मिरची हात राखून, आलं-लसूण आणि भरपूर भरडलेली मिरी घालून केलेलं सुकं मटण मात्र जमतं. मिरीला मिरी भेटते.

बरोसात थंडीत मेंढीच्या पायाची नळी याच वाईनमध्ये तीन तास मंद शिजत ठेवतात. हाडावरचं मांस काट्याने नुसतं टेकवलं तरी सुटतं. ते संपल्यावर नळी ताटावर आपटून आतला मगज काढायचा, आणि त्यावर ग्लासातला उरलेला घोट.