दंडाला धनुष्य, बसायला तख्त

इसवी सन 1035 मध्ये आमू दर्या ही नदी ओलांडून खोरासानात, म्हणजे इराणच्या ईशान्येकडील प्रांतात, उतरलेल्या तुर्कमान टोळ्यांची गझनीच्या सुलतान मसूदकडे एवढीच विनंती होती, की आम्हाला गुरे चारायला कुरणे द्यावीत, आम्ही आपली चाकरी करू. महमूद गझनीच्या या मुलाने उत्तरादाखल फौज धाडली आणि ती निसाजवळ पराभूत झाली. टोळ्यांचे पुढारपण सेल्जुक या टोळीप्रमुखाच्या नातवांकडे, म्हणजे तुघ्रिल आणि चाघरी या भावांकडे होते.

तीनच वर्षांनी खोरासानातल्या निशापूर शहराने तुघ्रिलसाठी वेस उघडली. मसूदच्या दरबारातील चिटणीस बैहाकी याने त्या दिवसाचे बारीक वर्णन करून ठेवले आहे: दंडाला चढवलेल्या प्रत्यंचेचे धनुष्य, कमरेला खोचलेले तीन बाण, पायांत नमद्याचे बूट. अशा वेशात तो मसूदच्याच तख्तावर बसला आणि भेटीला आलेल्या वृद्ध काझीला म्हणाला, की आम्ही नवखे, परके लोक आहोत, इथल्या रीती आम्हाला ठाऊक नाहीत. इतिहासकार इब्न अल-अथीरने पुढे नोंदवलेल्या एका गोष्टीत तो बदामाची मिठाई चाखून म्हणतो, तुतमाज चांगला झाला आहे, पण लसूण कमी पडला. तुतमाज म्हणजे कणकेच्या तुकड्यांचा पदार्थ, आपल्या चकोल्यांच्या जवळचा. ही गोष्ट शहरी लोकांनी थट्टेने रचलेली असू शकते. मात्र त्या थट्टेमागची धास्ती खरी वाटते.

निर्णायक लढाई मे 1040 मध्ये मर्वजवळच्या दंदानकान येथे झाली. मसूदकडे मोठी फौज होती, हिंदुस्थानातून नेलेले हत्ती होते. नव्हते ते पाणी. किल्ल्याबाहेरच्या विहिरी मेलेली जनावरे टाकून बुजवलेल्या होत्या, आतल्या विहिरींपाशी मुक्काम करावा हा सल्ला सुलतानाने धुडकावला, आणि तहानलेले सैन्य पुढे सरकताच त्याची फळी मोडली. मसूद खजिना घेऊन लाहोरच्या वाटेला लागला. सिंधू नदीपाशी त्याच्याच रक्षकांनी तो खजिना लुटून त्याला पदच्युत केले.

यानंतर चाघरीने पूर्वेकडचा मुलूख सांभाळला आणि तुघ्रिल पश्चिमेकडे वळला. 1055 मध्ये तो बगदादमध्ये शिरला आणि खलिफाला बुवैही या इराणी घराण्याच्या अमिरांच्या वर्चस्वातून सोडवून स्वतःच्या छत्राखाली घेतले. 1063 मध्ये आजच्या तेहरानजवळच्या रय येथे तो निपुत्रिक वारला आणि गादी चाघरीचा मुलगा अल्प अर्सलान याच्याकडे गेली. तुघ्रिलच्या नाण्यांवर खलिफाचे नाव अरबी अक्षरांत कोरलेले असे, आणि त्याच नाण्यांवर धनुष्यबाणही असे.