कल्पित वंशांची खरी घरे

या चित्रफितीत समोर दिसणारी टेकडी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, माटामाटा गावाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणात आहे. तिच्या उतारावरची ही गोल दारे हॉबिटांची आहेत. शेतीत आणि खाण्यापिण्यात रमणारा हा एक ठेंगणा, कल्पित वंश. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीसाठी हे गाव प्रथम उभारले गेले, तेव्हा बागा जुन्या आणि मुरलेल्या दिसाव्यात म्हणून चित्रीकरणाच्या वर्षभर आधी येथे झाडे लावण्यात आली. मुख्य घराच्या माथ्यावर ओकचा वृक्ष हवा होता. त्यासाठी परिसरातला एक खरा ओक तोडला, प्रत्येक फांदीला क्रमांक दिला, फांद्या टेकडीवर आणून बोल्टांनी पुन्हा जोडल्या आणि तैवानहून मागवलेली कृत्रिम पाने एकेक करून तारेने बांधली.

दाराचा गोल आकार कथेतला आहे. मात्र त्याभोवतीचे लाकूडकाम, विटांची धुराडी आणि लहान तावदानांच्या खिडक्या इंग्लिश खेड्यातल्या आहेत. त्या खेड्याकडे इतक्या मायेने पाहायला शिकवले ते एकोणिसाव्या शतकातल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीने. कारखान्यातल्या एकसाची मालाला विरोध करून हातांच्या कारागिरीचा आग्रह धरणारा विल्यम मॉरिस हा तिचा अध्वर्यू होता. भिंतींचे कागद आणि पडद्यांची कापडे रेखाटणाऱ्या याच मॉरिसने अद्भुतरम्य कादंबऱ्याही लिहिल्या, आणि आपल्या लेखनावरचे त्यांचे ऋण हॉबिटांचे जनक जे. आर. आर. टॉल्किन यांनी पत्रातून मान्य केले आहे. कल्पित वंश आणि खरी कला यांची गाठ अशी कथेच्या मुळाशीच पडलेली होती. वंशाचा स्वभाव आणि शैलीमागचा आग्रह एक असला, तरच अशी जोडी पटते, हे आम्हाला या चित्रफितीत ठामपणे मांडायचे आहे.

वेलिंग्टनपासून जवळच असलेल्या कैतोके येथील या अरण्यात एल्फ या दुसऱ्या कल्पित वंशाच्या रिव्हनडेल या वसतिस्थानाचे नेपथ्य उभे होते. आज दिसणारी कमान ही त्याची प्रतिकृती आहे. एल्फ दीर्घायुषी आहेत आणि झाडांशी त्यांचे सख्य आहे. अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ या संकल्पना-चित्रकारांच्या चमूने एल्फांसाठी आर्ट नूव्होची, म्हणजे वेली-देठांसारख्या वाहत्या रेषांच्या शैलीची, वळणे निवडली. ही शैली वास्तुकलेत कशी अवतरली, हे पाहायचे असेल तर व्हिक्टर हॉर्ता यांनी १८९३ मध्ये ब्रसेल्समध्ये रेखाटलेल्या टासेल यांच्या घराचा हा जिना पाहावा. लोखंडी खांब येथे उघडा ठेवलेला आहे, वर जाऊन त्याला देठांसारखे फाटे फुटतात, तीच रेषा कठड्यातून वाहते, भिंतीवरच्या चित्रात शिरते आणि पायाखालच्या मोझेइकमध्ये उतरते. खांब कोठे संपला आणि नक्षी कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. एल्फांची घरे वनातून उगवल्यासारखी वाटतात ती याच युक्तीने, कारण भार पेलणारा भाग आणि शोभेचा भाग त्यांत वेगळे काढता येत नाहीत. नुसत्या खांबावर वेल कोरल्याने हे साधत नाही.

ड्वार्फ या तिसऱ्या कल्पित वंशाचे सारे याच्या उलट आहे. ते डोंगर पोखरून राहतात, त्यांचे द्रव्य दगड आणि त्यांची रेषा सरळ. एरेबोर या त्यांच्या डोंगरातल्या राज्याच्या दालनांतले कोन, पैलू आणि उभे पट्टे पाहताना आर्ट डेको आठवते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरून आणि इरॉस चित्रपटगृहावरून आपल्याला परिचित असलेली हीच ती शैली.

न्यूझीलंडमध्ये तिचे सर्वांत देखणे दालन म्हणजे नेपियर शहर. ३ फेब्रुवारी १९३१ रोजी येथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला; हॉक्स बे प्रांतात २५६ माणसे दगावली. नवे शहर प्रबलित काँक्रीटचे झाले. दर्शनी भागावरची जड नक्षी सुटून रस्त्यावर कोसळली होती, म्हणून नव्या इमारतींवर अलंकरण उथळ आणि भिंतीला चिकटलेले ठेवले गेले. सूर्यकिरणांचे पंखे, नागमोडी पट्टे, पायऱ्यापायऱ्यांचे माथे. भूमीच्या कोपाचा विचार करून घडलेली ही शैली भूगर्भात राहणाऱ्या वंशाला शोभते, ती नुसत्या दिसण्यापुरती नव्हे.

कथेतल्या रोहन या माणसांच्या राज्यातल्या घोडेस्वारांना अँग्लो-सॅक्सन आणि नॉर्स वळण मिळाले, तेही समर्पक आहे. शत्रूच्या बाजूने लढणाऱ्या माणसांना मात्र आशिया-आफ्रिकेची आठवण करून देणारे वेष चढवले गेले, आणि त्यावर योग्य ती टीका झाली.

आता नेपियरच्या अहुरीरी बंदराकडे वळू. लुई हे यांनी रचलेली नॅशनल टोबॅको कंपनीची ही इमारत १९३३ ची आहे. बाह्याकृती डेकोची, चौकोनी आणि घट्ट. तिच्यात बसवलेली अर्धवर्तुळाकार कमान आणि कमानीभोवती नूव्होच्या वळणाचे गुलाब. टॉल्किन यांच्या कथेत मोरिया या ड्वार्फांच्या भूमिगत नगरीचे पश्चिमद्वार नार्वी या ड्वार्फाने घडवले आणि त्यावरची चिन्हे केलेब्रिम्बोर या एल्फाने रेखाटली. दोन वंशांनी मिळून केलेले असे दार ज्याला रेखाटायचे असेल, त्याने कागदाला हात लावण्यापूर्वी अहुरीरीची ही चौकट आणि हे गुलाब जवळून अभ्यासावेत.